खारे वारे आणि मुंबईची हवा

समुद्रकाठच्या मुंबईला हवेच्या प्रदूषणाची फारशी भीती नाही, हा समज दीर्घकाळ रूढ होता आणि त्याला भौगोलिक आधारही होता. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापल्याने समुद्रावरून खारे वारे वाहतात, रात्री जमीन लवकर निवल्याने मतलई वारे उलट दिशेने जातात आणि पावसाळ्यात मोसमी सरी हवा धुऊन काढतात. मात्र ऑक्टोबरमध्ये पाऊस परतला की वाऱ्यांचा जोर ओसरतो. हिवाळी रात्री जमिनीलगतची हवा थंड राहते व तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. तापमानाच्या या विपरीततेमुळे धूर वर जाऊ शकत नाही आणि मतलई वाऱ्यांनी समुद्रावर नेलेल्या प्रदूषकांपैकी काही भाग दुसऱ्या दिवशी खाऱ्या वाऱ्यांबरोबर परतही येतो. दिवाळीच्या रात्री फटाक्यांचा धूर रेंगाळतो, तोही याच कारणाने.

वारा प्रदूषण फक्त हलवतो. त्याची निर्मिती जमिनीवर होते. वाहने, चेंबूर-माहुल परिसरातील तेलशुद्धीकरण व खतांचे उद्योग, कोळशावरील वीजनिर्मिती, उघड्यावर जळणारा कचरा आणि अखंड चालणारी बांधकामे हे मुंबईतील प्रमुख स्रोत होत. राडारोडा वाहणाऱ्या डंपरच्या चाकांना चिकटलेला चिखल रस्त्यावर सांडून वाळतो, येणाऱ्याजाणाऱ्या वाहनांखाली त्याची भुकटी होते आणि एकाच इमारतीची धूळ कितीतरी दिवस हवेत उडत राहते. पाव भाजणाऱ्या जुन्या भट्ट्यांत स्वस्त म्हणून मोडक्या फर्निचरचे रंग व पॉलिश लागलेले लाकूड जाळले जाते, तेव्हा साध्या सरपणापेक्षा अधिक घातक धूर दाट वस्तीतच सोडला जातो.

या प्रदूषकांपैकी १० मायक्रॉनपर्यंत व्यासाच्या कणांना पीएम १० आणि २.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांना पीएम २.५ म्हणतात, एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जाड धूळ बहुतांशी नाकात व घशात अडकते, परंतु मुख्यतः ज्वलनातून आणि हवेतील वायूंच्या रासायनिक अभिक्रियांतून तयार होणारे सूक्ष्म कण फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचतात व त्यांतील अतिसूक्ष्म कण रक्तातही शिरू शकतात. त्यांमुळे होणारा दाह केवळ खोकला किंवा दमा वाढवून थांबत नाही, तर हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि श्वासमार्ग अरुंद करणारा सीओपीडी हा दीर्घकालीन आजार यांचा धोकाही वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये बाहेरील हवेच्या प्रदूषणाला कर्करोगकारक ठरवले. वजनाच्या मानाने मुले प्रौढांपेक्षा अधिक हवा श्वासात घेतात आणि त्यांची फुप्फुसे वाढत्या अवस्थेत असतात, त्यामुळे त्यांच्यावरील परिणाम अधिक गंभीर ठरतात. पीएम २.५ ची वार्षिक सरासरी मर्यादा भारतात प्रति घनमीटर ४० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती ५ सुचवली. म्हणजे देशी निकषात बसणारी हवा निर्धोक असतेच असे नाही.

प्रतिबंधाचा विचार करताना जाड धूळ आणि सूक्ष्म कण यांतील भेद निर्णायक ठरतो. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये मोठ्या भूखंडांवरील बांधकामांभोवती ३५ फूट उंच पत्रे लावण्याची व बाहेर पडणाऱ्या वाहनांची चाके धुण्याची सक्ती केली, तर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरील भट्ट्यांना स्वच्छ इंधनाकडे वळण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली. हे उपाय स्रोतालाच हात घालतात. याउलट, पाण्याचे फवारे मारणाऱ्या गाड्या जाड धूळ तात्पुरती बसवतात, पण सूक्ष्म कणांवर त्यांचा प्रभाव फारसा पडत नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातही शहरांची प्रगती प्रामुख्याने पीएम १० वरून मोजली जात असल्याने रस्ते झाडण्याला प्राधान्य मिळते आणि ज्वलनाचा प्रश्न मागे पडतो.

वाहनांसाठी एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या उत्सर्जन मानकांनी इंधनातील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आणली. स्रोतावरील नियंत्रण शक्य असते याचा हा देशातलाच दाखला होय. तीच कठोरता उद्योगांच्या धुराड्यांना, कचऱ्याच्या व्यवस्थापनाला आणि भट्ट्यांच्या इंधनाला लावणे, सार्वजनिक वाहतूक वाढवणे आणि ठाणे, नवी मुंबई, भिवंडीसह साऱ्या महानगर प्रदेशाची एकच योजना आखणे आवश्यक आहे, कारण महापालिकांच्या हद्दी हवा पाळत नाही. मास्क आणि हवा शुद्ध करणारी यंत्रे काही जणांना काही काळ संरक्षण देतील. रस्त्यावर दिवस काढणाऱ्या फेरीवाल्याला, वाहतूक पोलिसाला आणि बांधकाम मजुराला मात्र धूर मुळातच कमी होण्यावाचून अन्य संरक्षण नाही.