राखेतली पाच बोटं

माझ्या सात कोंबड्या एका रात्रीत गेल्या, तेव्हा सकाळी आठच्या आत मी सगळ्या वाडीला सांगून मोकळी झाले की वाघाने नेल्या. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. आरे-वाऱ्याच्या वरच्या सड्यावर त्याचा वावर आहे आणि गणपतीपुळ्याच्या किनारी रस्त्यावर गाडीच्या उजेडात वाघ पाहिलेला माणूस घरटी एक तरी सापडतो. त्यामुळे कोणी शंका घेतली नाही. घेतली ती सासूबाईंनी.

"वाघाने नेल्या म्हणतेस, मग ह्या सात पडल्यात त्या कोणाच्या गो?"

खरंच की. सातही खुराड्यातच होत्या. दोघींची मुंडकी गायब, बाकीच्यांच्या मानेवर दातांच्या खुणा, खाल्लेली जेमतेम एक. वाघ कशाला एवढा पसारा मांडेल? तो एक उचलतो आणि वाटेला लागतो.

त्या संध्याकाळी आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, चुलीतली राख चाळणीने चाळून खुराड्याभोवती पसरली. दोन दिवस नुसते कावळ्यांचे पाय उमटले. तिसऱ्या दिवशी मागच्या भिंतीपाशी रुपयाच्या नाण्याहून जरा मोठे ठसे होते, पाच बोटांचे, पुढे नखांची बारीक टिंबं. मांजरकुळाच्या ठशात चारच बोटं दिसतात आणि नखं उमटत नाहीत, मग तो घरचा बोका असो, बाऊल म्हणजे रानमांजर असो की बिबट्या. कुत्र्याची नखं उमटतात, पण बोटं चारच. पाच बोटं आणि चढाईची सवय म्हणजे कांडेचोर, पुस्तकातलं उदमांजर. वर पाहिलं तर वानरांच्या उड्यांनी एक कौल सरकलेलं होतं. मी चार वर्षं त्या खुराड्याचं दार तेवढं तपासत होते.

सात मारून एकच खाण्यामागे माज नसतो. रानात भक्ष्य पळून जातं आणि शिकार तिथेच संपते. बंद खुराड्यात कोंबड्यांना पळायला वाट नसते. त्या फडफडत राहतात आणि जोवर समोर काही फडफडतंय, तोवर शिकाऱ्याचा जबडा चालत राहतो. मुंगूस, बाऊल, भटकं कुत्रं, सगळ्यांचं हेच. त्यात अंधारात कोंबडीला जवळजवळ दिसत नाही. दांडीवर बसली की ती दगडासारखी झोपते.

दिवसा मात्र ती चांगली राखणदारीण असते. नीट ऐकलंत तर तिच्या ओरडण्यात दोन जाती आहेत. आभाळात घार किंवा शिक्रा दिसला की कोंबडा बारीक, लांबट शीळ घालतो आणि सगळी पिल्लं जागच्या जागी दडपतात. जमिनीवरून मुंगूस किंवा कुत्रं आलं की तोडून तोडून मोठ्याने कक्-कक्-कक् सुरू होतं. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासकांनीही हे दोन इशारे वेगळे नोंदवलेत. आता पहिला इशारा आला की मी आभाळाकडे बघते, दुसरा आला की काठी घेते. पिल्लांसाठी घारीवरचा उपाय सोपा: अंगणात उघड्यावर सोडण्याऐवजी अबोलीच्या, लिंबाच्या झुडपांखाली सोडायची, आणि पहिले काही आठवडे डालग्याखाली.

खुराडं दुरुस्त करायला घेतलं तेव्हा आईंचं माप ठरलेलं होतं. चार बोटं शिरली त्या फटीतून मुंगूस शिरतो, दोन बोटं शिरली तिथून साप. दुकानात कोंबडीची जाळी म्हणून षटकोनी भोकांची जी पातळ जाळी मिळते, ती कोंबडी आत ठेवण्यापुरती. कुत्रा ती दातांनी फाडतो. आम्ही अर्ध्या इंची चौकोनांची जाड वेल्डमेश घेतली, तीही कौलांच्या खालून सगळीकडे. उकरून येणाऱ्यांसाठी जाळी जमिनीत फूट-दीड फूट गाडावी असं सांगतात. आमच्याकडे चार बोटं माती आणि खाली कातळ, गाडणार कुठे? म्हणून भिंतीपासून बाहेर दोन फूट जाळी जमिनीवरच आडवी पसरली आणि वर जांभ्याचे चिरे दाबले. उकरणारा भिंतीच्या पायाशी येतो, नखं जाळीला लागतात, आणि दोन फूट मागे सरून सुरुवात करावी हे त्याला सुचत नाही. एक खबरदारी मात्र हवी. समुद्राचा खारा वारा तारेला गंज चढवतो, म्हणून दर पावसाळ्यानंतर मी जाळी हाताने दाबून बघते.

बारकी फट राहिली तर काय होतं, तेही पाहिलंय. एकदा पहाटे खुराड्यात अजगर वेटोळं करून पडला होता. आत आला बारीक होऊन. एक तलंग गिळल्यावर पोटाचा फुगा त्याच भोकातून बाहेर निघेना. सर्पमित्राने त्याला पोत्यात घालून नेलं.

मग वाघाचं काय? तो येतो, पण बहुतेक वेळा कुत्र्यासाठी. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचं खाणं तपासलं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ८७ टक्के आहार पाळीव प्राण्यांचा निघाला आणि त्यात एकट्या कुत्र्याचा वाटा ३९ टक्के. हे वाचल्यावर मला आमच्या रस्त्याकडेला पडणारी चिकनच्या दुकानातली घाण आठवली. तिच्यावर कुत्री जमतात, कुत्र्यांमागे वाघ येतो, आणि वाटेत खुराडं लागलं तर तेही बघतो. राखणीसाठी कुत्रा रात्री बाहेर बांधणं म्हणजे वाघाला ताट वाढून ठेवणं. आमचा मोती आता पडवीत, दाराआड झोपतो.

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. त्याच्या शेजाऱ्याकडे कोंबड्या आहेत आणि तिथला चोर अस्वल. काळं अस्वल खुराड्याच्या फळ्या हातानेच उचकटतं, त्यामुळे तिथे विजेच्या झटक्याचं कुंपण घालतात. डुकरांसाठी आपल्याकडे झटका मशीन लावतात, तेच. क्षणभराचा झटका, मरण नाही. थेट लाइनची तार कुंपणाला जोडणं मात्र गुन्हा आहे, आणि तिने माणसं मेलीत. आपलं अस्वल कोयना-चांदोलीच्या आणि विदर्भाच्या रानातलं, वाळवी, मध आणि फळांवर जगणारं. कोंबडीशी त्याचं फारसं वैर नाही. भाच्याचं एक वाक्य मात्र आमच्याही कामाचं निघालं: अस्वल आधी खाद्याच्या वासाने येतं, कोंबडी नंतर दिसते. आमच्याकडे अस्वलाच्या जागी उंदीर. रात्री भांड्यात तांदूळकणी राहिली की उंदीर येतात, उंदरांमागे साप. आता खाद्य झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात जातं.

रागाच्या भरात फासकी लावायचं माझ्याही मनात आलं होतं. फासकीला चोर कोण ते कळत नाही. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबटे अडकून मेल्याच्या बातम्या आपल्याच जिल्ह्यातल्या असतात. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फासकी लावणं हा गुन्हा. खुराड्यात बिबट्या कोंडला गेला, तर दार न उघडता लांब जाऊन वन विभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करायचा.

वर्षातून एक कोंबडा आम्ही राखणदाराला देतो. "तो जमीन राखतो," आई म्हणतात, "खुराडं तुझं तू राख."

म्हणून दिवेलागणीआधी मी कोंबड्या कोंडते, मोजते, कडी घालून वर खिळा अडकवते, कौलांवर नजर टाकते आणि राख पसरते. परवा सकाळी राखेत ती पाच बोटं पुन्हा होती. मागच्या भिंतीला दोन फेऱ्या, चिऱ्यांवर थांबल्याची खूण, मग सरळ फणसाकडे. आत एकोणीस कोंबड्या होत्या. मी दोनदा मोजल्या.