ओळख ठेवणारा लुटारू

आमच्या चिरंजिवांनी यंदा घरात अंतराळ आणले आहे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून तो संगणकावर एक खेळ रचतो आहे. एक लहानसे यान, पुष्कळ तारे, त्यांच्यामधला व्यापार आणि वाटेत आडवे येणारे लुटारू. परवा रात्री जेवणे आटोपल्यावर तो म्हणाला, "बाबा, लुटारू येतात, लढतात, जातात, पण ते कुणीच वाटत नाहीत. तुम्ही गोष्टी शिकवता ना? मग सांगा, माझे काय चुकते?"

वीस वर्षे मराठी शिकवतो आहे, पण घरातून आलेला हा पहिलाच प्रश्न! मी खुर्ची ओढली.

आधी त्याने मला या खेळांच्या मूळपुरुषाची कथा सांगितली. 'एलीट' नावाचा खेळ १९८४ साली डेव्हिड ब्रेबेन आणि इयान बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी लिहिला. बीबीसी मायक्रो या त्यांच्या यंत्राची स्मृती अवघी ३२ किलोबाइट. आज मोबाइलवर काढलेल्या एका छायाचित्रालाही ती पुरायची नाही. तरी त्या खेळात ८ आकाशगंगा नि प्रत्येकीत २५६ ग्रह! ते साठवले कुठे? गंमत अशी, की साठवलेच नाहीत. तीन बीज-आकडे घ्यायचे, ठरलेल्या रीतीने त्यांची बेरीज करीत जायचे, की त्यातून ग्रहाचे नाव, राज्यपद्धती, लोकवस्ती सारे निघते. बीज तेच, म्हणून ग्रहही तोच. लेव्ह ग्रहावरून निघा, शंभर ठिकाणी भटकून या. लेव्ह आपल्या अरण्यांसह जागच्या जागी.

लुटारू मात्र फाशांच्या दानाने येत. नजरेआड झाला की पुसला गेला. तुमच्या गुन्ह्यांची नोंद खेळ ठेवी, पोलिसांची याने मागे लागत. पण ज्याच्याशी जिवावर उदार होऊन लढलात, त्याला तुमची सय नसे. ग्रह कायमचे, माणसे घटकेची.

"मग काय, प्रत्येक लुटारूचा संसार चालवीत बसू?" चिरंजीव म्हणाले. "यंत्र दमेल."

"नको. वीस जणांची एक वही ठेव. नाव, शेवटची भेट कुठे झाली, त्या वेळी काय घडले, कुणाचे कुणाकडे काय देणे राहिले. फासा 'लुटारू' म्हणाला की आधी वही चाळ. चार वेळांतून एकदा जुना माणूस पाठव, पण मधल्या काळात तो तिथवर पोचू शकला असता, एवढे बघ. उठल्यासुटल्या तोच भेटला, तर जुन्या कादंबऱ्यांतल्या योगायोगासारखे हसू येईल. आणि मेलेला मात्र परत आणू नकोस."

यावर त्याला २०१४ सालचा 'शॅडो ऑफ मॉर्डोर' हा खेळ आठवला. तो अंतराळातला नव्हे. पण त्यात तुम्ही भाजून काढलेला शत्रू जगला-वाचला, तर भाजल्याच्या खुणा घेऊन परततो नि मागची भेट बोलून दाखवतो.

मी इतक्या ठामपणे का बोललो, ते मात्र त्याला सांगितले नाही. दोन महिन्यांपूर्वी दादर स्टेशनवर एक गृहस्थ वाकून पाया पडले. "सर, माझा निबंध तुम्ही वर्गात वाचून दाखवला होता. मी शिक्षण सोडणार होतो, त्या निबंधाने राहिलो." मला ना नाव आठवेना, ना निबंध. वेळ मारून न्यायला विचारले, "सध्या कुठे असता तुम्ही?"

ते हसले, पण चेहरा उतरला. "सर, तुम्ही मला 'अरे' म्हणायचा."

तेवढ्यात गाडी आली. दरवर्षी नवे चेहरे समोर येतात नि मार्चमध्ये जातात. त्यांच्या वहीत मी आहे; माझ्याकडे वहीच नाही. त्या खेळातला लुटारू मीच की!

काल रात्री चिरंजीव ओरडले, "बाबा, या लवकर!" पडद्यावर पंखाला ठिगळ लावलेले एक यान आडवे आले होते. खाली अक्षरे उमटली : 'मागच्या खेपेला तुम्ही मला सोडलेत. आज मी सोडतो. फिटले.' आणि ते वळून निघून गेले. लेक कितीतरी वेळ त्या रिकाम्या काळोखाकडे पाहत राहिला.

मीही एक वही आणली आहे. पहिल्या पानावर नाव नाही. 'दादर, निबंध, अरे' एवढेच लिहिले आहे. पुन्हा गाठ पडली, तर नाव विचारून घेईन.