ब्रेक धरून ठेवणारे मीठ

कॅनडातील ओंटारियो व क्वेबेक हे प्रांत आणि अमेरिकेतील मिशिगन, मिनेसोटा ही राज्ये यांसारख्या प्रदेशांत हिवाळ्यात मोटारीचे ब्रेक जाम झाले की दोष सर्रास थंडीला दिला जातो. वास्तविक ‘जाम होणे’ या एकाच नावाखाली दोन निराळे बिघाड मोडतात आणि त्यांपैकी जो अधिक महागात पडतो, त्याचे मूळ थंडीपेक्षा मिठात आहे.

पहिला बिघाड एका रात्रीत होतो. ओल्या रस्त्यावरून आलेली गाडी हँडब्रेक ओढून उघड्यावर उभी केली, की ड्रम आणि त्याच्या आतील लायनर यांच्या फटीत किंवा हँडब्रेकच्या केबलवरील आवरणात शिरलेले पाणी गोठते आणि सकाळी हँडब्रेक खाली केला तरी चाक सुटत नाही. म्हणून तेथील जाणते चालक सपाट जागी हँडब्रेक ओढतच नाहीत. गाडी गिअरमध्ये, ऑटोमॅटिक असल्यास ‘पार्क’मध्ये ठेवतात, गरज भासल्यास चाकाला अडसर लावतात आणि मुक्कामाच्या थोडे आधी ब्रेक दोन-चारदा हलकेच दाबून घर्षणाच्या उष्णतेने ते कोरडे करून घेतात. बर्फ वितळला की हा बिघाड मागमूस न ठेवता नाहीसा होतो.

दुसऱ्या, म्हणजे गंजामुळे होणाऱ्या, बिघाडाचे तसे नाही. शुद्ध पाणी शून्य अंशाला गोठते, परंतु त्यात सुमारे २३ टक्के मीठ विरघळले असल्यास ते उणे २१ अंश सेल्सियसपर्यंत द्रवच राहते आणि याच गुणासाठी रस्त्यांवर मीठ पसरले जाते. रस्ता निसरडा राहत नाही खरा, पण जे पाणी बर्फ होऊन निरुपद्रवी राहिले असते, ते आता खारट द्रवाच्या रूपाने चाकांच्या आत उडत राहते. गंजणे ही विद्युत-रासायनिक क्रिया असून तीत लोखंडाच्या एका ठिकाणाहून सुटलेले इलेक्ट्रॉन दुसऱ्या ठिकाणी पोहोचतात आणि हे मंडल पाण्यातील आयनांमुळे, म्हणजे विद्युतभारित कणांमुळे, पूर्ण होते. खाऱ्या पाण्यात असे कण विपुल असल्याने ही क्रिया झपाट्याने होते. त्यातच काही ठिकाणी रस्त्यांवर वापरले जाणारे मॅग्नेशियम क्लोराइड हवेतील सापेक्ष आर्द्रता ३३ टक्क्यांच्या वर असली तरी बाष्प ओढून घेऊन ओले होते, त्यामुळे कोरड्या भासणाऱ्या दिवशीही धातूवरील ओल टिकते. गाडी ऊबदार, बंदिस्त जागेत ठेवणे हा तर मायेपोटी केलेला अपायच ठरतो, कारण बाहेर गोठून निपचित पडला असता असा खारा चिखल तेथे वितळतो आणि उबेमुळे गंजाचा वेगही वाढतो. या बिघाडाला थंडी आवश्यकही नाही, हे कोकणात दिसते. खाऱ्या हवेत आणि पावसात हँडब्रेक ओढून आठवडेच्या आठवडे उभ्या राहिलेल्या गाडीचे मागचे ड्रम गंजाने असेच धरून बसतात.

गंजाचे एवढे फावते, याचे कारण डिस्क ब्रेकच्या रचनेत आहे. बहुतेक मोटारींत चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी पकडणारा कॅलिपर नावाचा सांगाडा असतो. पेडल दाबले की त्यातील पिस्टन आतल्या बाजूचे पॅड डिस्कवर रेटतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने संपूर्ण सांगाडा दोन पिनांवरून सरकून बाहेरचे पॅड दाबतो. ब्रेक लावणारा हा जोर प्रचंड असतो, परंतु पेडल सोडल्यावर पिस्टनला मागे घेणारी सहसा एखादी स्प्रिंग नसते. त्याच्याभोवतीचे रबरी कडे किंचित पिळवटलेले असते, ते पूर्ववत होताना पिस्टन मिलिमीटरच्या अंशाइतका माघारी येतो, इतकेच. गंजाचे आकारमान ज्या लोखंडापासून तो बनला त्याच्या दुपटीहून अधिक असते; तेव्हा पिनांच्या भोकांत किंवा पॅड ज्या खाचांत सरकते तेथे तो साठला, की ब्रेक लागतो, पण सुटत नाही. एक पॅड दुसऱ्यापेक्षा लवकर झिजणे, एकच चाक फार तापणे, गाडी एका बाजूला ओढली जाणे, ही त्याची पूर्वचिन्हे होत.

म्हणून हिवाळ्यापूर्वी कॅलिपर उतरवून खाचांतील गंज तारेच्या ब्रशने खरवडणे, पिनांवरील फाटलेली रबरी टोपणे बदलणे आणि ब्रेकसाठीचेच, उदाहरणार्थ सिलिकोनचे, ग्रीस लावणे याला पर्याय नाही. हाताशी आहे म्हणून खनिज तेलाचे साधे ग्रीस लावल्यास ब्रेकमधील रबर फुगते आणि पिन पुन्हा अडकते. ब्रेक ऑइलही हवेतील बाष्प शोषत असल्याने ते वेळच्या वेळी बदलले नाही, तर पिस्टन आतूनही गंजू शकतो.

विजेवरच्या मोटारींत तर हा प्रश्न अधिकच तीव्र आहे, कारण वेग कमी करताना मोटरच जनित्र बनून चाकांना रोखते आणि एरवी डिस्कवरील गंज खरवडून काढणारे पॅड रिकामेच बसून राहतात. रस्त्यावर मीठ पसरणाऱ्या प्रदेशांत कॅलिपर दरवर्षी किंवा दर २०,००० किलोमीटरनंतर साफ करून त्यांना ग्रीस लावावे, अशी सूचना टेस्ला कंपनी देते, ती यामुळेच. मीठ काढण्यासाठी गाडी खालून धुणे उत्तमच, परंतु त्यासाठी पारा शून्याच्या वर चढलेला दिवस निवडावा लागतो आणि धुतल्यावर ब्रेक वापरून वाळवावे लागतात. अन्यथा गंज टाळण्यासाठी मारलेले पाणी त्याच रात्री केबलमध्ये गोठते.