आशय व्यवस्थापन प्रणाली

संकेतस्थळावरील मजकूर, चित्रे, ध्वनिफिती इ. आशय तयार करणे, साठविणे, त्यात फेरफार करणे व तो प्रसिद्ध करणे ही कामे आज्ञावली-लेखनाचे ज्ञान नसलेल्या व्यक्तींनाही करता यावीत, यासाठी योजलेल्या संगणकीय आज्ञावलींच्या संचास आशय व्यवस्थापन प्रणाली म्हणतात. वृत्तपत्रे, ग्रंथालये, शिक्षणसंस्था, व्यापारी पेढ्या व शासकीय कार्यालये यांची बहुसंख्य संकेतस्थळे अशा प्रणालींवर चालतात. प्रणाली बदलता येते. परंतु तिच्या हवाली केलेला आशय एकदा गमावला, तर तो पुन्हा मिळेलच असे नाही. म्हणून निवड करताना प्रणालीत कोणत्या सोयी आहेत यापेक्षा तिची देखभाल कोण करणार आणि आशय तिच्यातून अखंड बाहेर काढता येईल का, या दोन प्रश्नांना अधिक महत्त्व असते.

स्वरूप व कार्य : १९९० नंतरच्या दशकात संकेतस्थळाचे प्रत्येक पान एचटीएमएल या चिन्हांकन भाषेत स्वतंत्र धारिकेच्या रूपाने हाताने लिहिण्याची पद्धत होती. शेकडो पानांच्या स्थळावर माथ्याच्या पट्टीतील एक शब्द बदलायचा झाला, तरी प्रत्येक धारिका दुरुस्त करावी लागे. आशय व्यवस्थापन प्रणालीत आशय आणि त्याची मांडणी यांची फारकत केलेली असते. मजकूर डेटाबेसमध्ये साठविला जातो, तर पानाचा साचा निराळा ठेवलेला असतो. वाचकाकडून मागणी येताच सर्व्हर या दोहोंचा मेळ घालून पान सिद्ध करतो. त्यामुळे साचा एकदा बदलला की सर्व पानांचे रूप बदलते. लेखक, संपादक व व्यवस्थापक यांचे अधिकार वेगवेगळे ठेवणे, तसेच मजकुराच्या पूर्वीच्या आवृत्त्या जपून ठेवणे या सोयीही बहुतेक प्रणालींत असतात.

प्रकार : स्थूलमानाने तीन प्रकार आढळतात. (१) संस्थेने आपल्या वा भाड्याच्या सर्व्हरवर स्वतः बसवावयाच्या प्रणाली. बेल्जियमचे ड्रीस बॉयटार्ट यांनी २००१ मध्ये खुली केलेली ड्रुपल, मॅट मलनवेग व माइक लिटल यांनी २००३ मध्ये सुरू केलेली वर्डप्रेस आणि २००५ मध्ये मॅम्बो या प्रणालीपासून फुटून निघालेली जुमला या त्यांपैकी प्रमुख होत. ‘जुमला’ हे नाव स्वाहिली भाषेतून घेतले असून मराठीतील ‘एकूण’ या अर्थाच्या जुमला शब्दाप्रमाणेच त्याचे मूळ अरबी आहे. या तिन्ही प्रणाली मुक्त स्रोत परवान्याखाली विनामूल्य उपलब्ध आहेत. जगातील सु. दोन-पंचमांश संकेतस्थळे वर्डप्रेसवर चालतात. विकिपीडियासाठी तयार झालेली मीडियाविकी ही प्रणाली अनेकांनी मिळून लिहावयाच्या कोशांना विशेष सोयीची असून मराठी विकिपीडियाही तिच्यावरच चालतो. (२) विक्स, स्क्वेअरस्पेस यांसारख्या सेवा. यांत सर्व्हर, प्रणाली व देखभाल ही सर्व सेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या हाती असतात. (३) जेकिल, ह्यूगो यांसारखे स्थिर पाने निर्माण करणारे संच. यांत पाने आधीच तयार करून ठेवलेली असल्याने वाचनाच्या वेळी डेटाबेसची गरज लागत नाही आणि हल्ल्यास वाव कमी राहतो; मात्र नवा मजकूर घालण्यास थोडे तांत्रिक ज्ञान लागते.

निवडीचे निकष : पहिला निकष आशयाच्या स्वरूपाचा होय. वर्षातून चार-पाच वेळा बदलणाऱ्या दहा-वीस पानांसाठी स्थिर पाने पुरेशी होतात. नियमित लेख प्रसिद्ध करणाऱ्या नियतकालिकास वर्डप्रेससारखी प्रणाली सोयीची पडते. ग्रंथ, लेखक, प्रकाशनवर्ष अशा परस्परसंबद्ध नोंदींचा मोठा संग्रह असेल, तर ड्रुपलसारखी प्रणाली अधिक उपयुक्त ठरते.

दुसरा निकष देखभालीचा आहे. विनामूल्य प्रणाली म्हणजे बिनखर्चाची प्रणाली नव्हे. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपल ७ मधील एक गंभीर दोष जाहीर झाला व त्याच वेळी त्यावरील दुरुस्तीही उपलब्ध करण्यात आली. तथापि काही तासांतच स्वयंचलित हल्ले सुरू झाले. घोषणेपासून सात तासांत दुरुस्ती न केलेले प्रत्येक स्थळ बाधित झाले असे समजावे, असा इशारा पुढे ड्रुपलच्या सुरक्षा गटाने दिला. भारतात हे सात तास रात्री साडेनऊपासून पहाटे साडेचारपर्यंतचे होते. दुरुस्तीची जबाबदारी नेमकी कोणाची हे ज्या संस्थेत ठरलेले नाही, तिने सामर्थ्यवान पण गुंतागुंतीची प्रणाली निवडणे धोक्याचे असते. वर्डप्रेससाठी ५०,००० हून अधिक प्लगिन म्हणजे पूरक आज्ञावली मिळतात. परंतु प्रत्येक प्लगिनबरोबर देखभालीचे आणखी एक काम वाढते.

तिसरा निकष परवान्याचा व मालकीचा आहे. मूव्हेबल टाइप ही प्रणाली एकेकाळी लोकप्रिय होती. २००४ मध्ये तिच्या परवान्याच्या अटी व आकार बदलताच अनेक वापरकर्ते वर्डप्रेसकडे वळले. त्यांचा मजकूर त्यांच्याच ताब्यात असल्याने त्यांना ते शक्य झाले. याउलट जिओसिटीज ही संकेतस्थळांना जागा देणारी सेवा याहू कंपनीने ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेत बंद केली, तेव्हा ज्यांनी आपली पाने वेळीच उतरवून घेतली नव्हती, त्यांना इतरांनी केलेल्या जतनकार्यावरच विसंबावे लागले.

मुक्त स्रोत प्रणालींतही आवृत्तीबदल कष्टाचा असू शकतो. २०१५ मध्ये आलेल्या ड्रुपल ८ ची अंतर्रचना आधीच्या आवृत्तीहून इतकी वेगळी होती, की ड्रुपल ७ वरील स्थळे जवळजवळ नव्याने उभारावी लागली. परिणामी ड्रुपल ७ च्या समर्थनाची मुदत वारंवार वाढवून अखेर ५ जानेवारी २०२५ रोजी ते थांबविण्यात आले.

देवनागरी आशय : मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत आणखी काही गोष्टी तपासाव्या लागतात. युनिकोड रूढ होण्यापूर्वी पुष्कळसा मराठी मजकूर रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरी आकार बसविलेल्या फाँटांत लिहिला गेला. तो शोधयंत्रांना वाचता येत नाही. म्हणून नव्या प्रणालीत घालण्यापूर्वी त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे आवश्यक असते. मराठी वर्णक्रमात ‘ळ’ हा ‘ह’ नंतर येतो, तर युनिकोडच्या संकेतांकांत तो ‘ल’ नंतर येतो. त्यामुळे सूची केवळ संकेतांकांनुसार लावणारी प्रणाली कोशाचा अथवा ग्रंथसूचीचा क्रम बिघडविते. वर्डप्रेस लेखाच्या शीर्षकावरून पानाचा पत्ता तयार करते. या पत्त्यात प्रत्येक देवनागरी चिन्हाची नऊ रोमन चिन्हे होतात आणि त्यासाठी राखलेली जागा २०० चिन्हांची असते. साहजिकच सु. २२ देवनागरी चिन्हांनंतर पत्ता तुटतो. यासाठी छोटा पत्ता स्वतंत्रपणे देणे इष्ट असते.

सुगम्यता : अंध व अन्य दिव्यांग वाचकांना पाने वापरता येणे हाही महत्त्वाचा निकष आहे. चित्रांना पर्यायी मजकूर देणे, शीर्षकांची उतरंड नीट राखणे व केवळ कळफलकाने स्थळ वापरता येणे या गोष्टी निवडलेल्या साच्यावर बऱ्याच अंशी अवलंबून असतात. भारतात शासकीय संकेतस्थळांसाठी यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे ठरविलेली आहेत. प्रत्येक कार्यालयाने स्वतंत्र प्रणाली सांभाळण्याऐवजी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने एस३वास ही सामाईक सेवा उभारली असून महाराष्ट्रातील जिल्हा प्रशासनांची संकेतस्थळेही तिच्यावर चालतात.

पूर्वपरीक्षा : अंतिम निवडीपूर्वी लहान प्रमाणावर चाचणी घेणे हितावह असते. विचाराधीन प्रणालीत वीस-पंचवीस लेख, चित्रे, तळटीपा व कोष्टके घालावीत. प्रत्यक्ष लिहिणाऱ्या व्यक्तींकडूनच ती घालून घ्यावीत. नंतर सर्व आशय निर्यात करून तो दुसऱ्या ठिकाणी पुन्हा उभा करून पाहावा. वर्डप्रेसमध्ये मजकूर एक्सएमएल धारिकेच्या रूपाने निर्यात होतो. पण मूळ चित्रे त्या धारिकेत नसतात, तर त्यांचे केवळ पत्ते असतात. असे बारकावे चाचणीतच ध्यानात येतात. ज्या प्रणालीतून आशय, लेखकांची नावे, दिनांक व चित्रे यांसह पूर्णपणे बाहेर काढता येतो, ती सोयींनी थोडी उणी असली, तरी दीर्घकालीन संग्रहासाठी अधिक भरवशाची ठरते.