पोटुशीच्या मनाची विचारपूस

महामाया बाळंतपणासाठी माहेरी निघाली होती, हे आपल्या घरातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. कपिलवस्तूहून देवदहाकडे जाताना वाटेत लुंबिनीच्या शालवनात सिद्धार्थाचा जन्म झाला. वैशाख पौर्णिमेला विहारात ही कथा होते, तेव्हा महामायेचे स्वप्न सांगितले जाते, असित मुनींचे येणे सांगितले जाते. पण बाळ सात दिवसांचे असताना आई गेली, हे एका वाक्यात उरकते. राजाची राणी, दासदासी हाताशी, तरी बाळंतीण वाचली नाही. बाळाला मावशीने, महाप्रजापती गौतमीने वाढवले. आम्हांला वाटते, त्या सातव्या दिवसापाशी आपण जरा थांबायला हवे.

आज आपल्या सातपूर, अंबड, नाशिकरोडच्या वस्त्यांतली पोटुशी बाई दवाखान्यात नाव घालते. वजन होते, रक्त तपासतात, लोहाच्या गोळ्या मिळतात, सोनोग्राफी होते. हे चांगलेच झाले. पण नऊ महिन्यांत तिला कुणी विचारते का, की बाई, तुझे मन कसे आहे? झोप लागते का? कशाची भीती वाटते? घरात विचारावे तर उत्तर तयार असते: "आम्ही नाही का चार-चार पोरं काढली?"

भगिनींनो, हा लाडाकोडाचा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे आपल्यासारख्या देशांत शंभर गरोदर स्त्रियांपैकी सुमारे १५ ते १६ जणींना मानसिक आजार होतो, आणि बाळंतपणानंतर हाच आकडा २० च्या घरात जातो. आपल्या शेजारी गोव्यात डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जिल्हा रुग्णालयात बाळंत झालेल्या स्त्रियांची पाहणी केली. ती २००२ साली प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी शंभरातल्या २३ जणी नैराश्याने आजारी होत्या, आणि त्यांतल्या बहुतेकींचे मन गरोदरपणातच बिघडलेले होते. कारणे कोणती? पैशांची ओढाताण, नवऱ्याशी न पटणे आणि मुलगी झाली म्हणून मिळालेली वागणूक. यात ग्रह नाही, नजर नाही, बाहेरचे काही नाही. सारे घरातलेच आहे.

आता श्वासाकडे वळू. आनापान म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर लक्ष ठेवणे. ही तथागतांची शिकवण, आणि तिचे मोठे केंद्र आपल्याच जिल्ह्यात, इगतपुरीला धम्मगिरीवर १९७६ पासून आहे. ब्रह्मदेशातून १९६९ साली भारतात आलेल्या सत्यनारायण गोयंका यांनी ते उभे केले. आज परदेशातले डॉक्टरही गरोदर स्त्रियांची चिंता हलकी व्हावी म्हणून श्वासाचा असाच अभ्यास शिकवतात. बाजारात 'गर्भसंस्कारा'चे महागडे वर्ग निघाले आहेत, हुशार आणि गोरे मूल होईल अशी हमी देतात. त्यांच्या नादी लागू नये. श्वासाला फी नाही, आणि तो बाळाला हुशार करण्यासाठी नाही, आईला थोडा निवांतपणा मिळावा म्हणून आहे.

करायचे ते एवढेच. पाठीला उशी घेऊन बसावे किंवा कुशीवर पडावे. दिवस भरत आले की उताणे झोपू नये. नाकपुड्यांपाशी श्वास जसा येतो-जातो तसा जाणावा. तो रोखू नये, ओढूनताणून लांबवू नये. मन सासरी-माहेरी भटकणारच. भटकले की परत आणावे. दहा मिनिटे पुरेत. बसल्यावर जीव घाबरा होत असेल, जुने दुःख उसळून येत असेल, तर डोळे उघडावेत, उठावे, कुणाशी तरी बोलावे. हट्टाने बसून राहू नये.

दहा दिवसांच्या शिबिराला जावे का, असे पुष्कळ जणी विचारतात. केंद्रात गरोदर स्त्रियांना घेतात, त्यांना जादा आहारही देतात. पण गर्भ स्थिर असल्याची खात्री आधी करून घ्यायला सांगतात. पहाटे चारपासून रात्री नऊपर्यंतची दिनचर्या आणि मौन सोपे नाही. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. आधीपासून मनाचा आजार असेल, तर तो अर्जात लपवू नये. त्याच्या गोळ्या चालू असताना दिवस गेले, तर त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. डॉक्टर त्या बदलून देऊ शकतात.

पण एका खोलीच्या घरात ही दहा मिनिटे मिळायची कशी? पहाटे नळाला पाणी, मग डबे, मग कंपनीची पाळी नाहीतर चार घरची धुणीभांडी. आमच्या मते खरा प्रश्न इथेच आहे. विश्रांती ही घराने केलेली मेहेरबानी नव्हे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात गिरणी-कारखान्यांतल्या बायांच्या बाळंतपण भत्त्याच्या विधेयकाला पाठिंबा देताना, बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे, अशी बाजू मांडली. १९२९ ला कायदा झाला. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. मात्र द्राक्षबागेत रोजाने जाणारीला, धुणीभांडी करणारीला ती कोण देणार? तिची रजा घरानेच द्यायची आहे. नवऱ्याने हंडा उचलावा, सासूबाईंनी दुपारी दार लोटून घ्यावे, तेव्हा सुनेला श्वासाकडे पाहायला सवड मिळेल. घरात दारू आणि मारझोड असेल, तर तिला 'ध्यान कर' असे सांगणे हा निव्वळ निर्दयपणा आहे.

गोव्यातच पुढे आणखी एक प्रयोग झाला. वस्तीतल्याच साध्या बायांना शिकवून उदास गरोदर स्त्रियांशी बोलायला घरोघर पाठवले. त्याने काही जणींना बरे वाटू लागले, असे २०१९ च्या अहवालात दिसले. आपली महिला मंडळे दर पौर्णिमेला जमतात. वस्तीतल्या पोटुशीकडे एकीने आठवड्यातून एकदा जाऊन बसायला काय हरकत आहे? सल्ले नकोत, ऐकणे हवे.

दोन आठवडे सतत उदास वाटणे, थकूनही झोप न लागणे, अन्न नकोसे होणे, बाळाविषयी काहीच न वाटणे, 'मी नसलेलीच बरी' असे बोलणे, ही आजाराची लक्षणे आहेत. जीव देण्याची गोष्ट निघाली तर तिला एकटे सोडू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणि बाळंतीण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत अचानक असंबद्ध बोलू लागली, झोपेनाशी झाली, नसलेले आवाज ऐकू लागली, तर देवऋषी गाठू नका. ती बाधा नव्हे. तिला त्याच रात्री रुग्णालयात न्या, बाळाजवळ कुणीतरी सतत राहा. उपचाराने अशा स्त्रिया बऱ्या होतात.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते. त्या दिवशी हिमोग्लोबिन विचारताना झोपेचे आणि भीतीचेही सांगावे. न विचारता सांगावे. 'टेलि-मानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत आहे, मराठीतही बोलता येते. तो आई-बाळाच्या कार्डाच्या मागे आजच लिहून ठेवा, आणि नवऱ्याच्या फोनमध्येही.