तांब्याच्या खाचांतलं पाणी

२५ सप्टेंबर २०२४ च्या संध्याकाळी पावसानं पुण्याला झोडपलं. दुसऱ्या दिवशी पंतप्रधानांच्या हस्ते जिल्हा न्यायालय ते स्वारगेट या भुयारी मेट्रोमार्गाचं उद्घाटन व्हायचं होतं. स. प. महाविद्यालयाच्या मैदानावर चिखल झाला, दौरा रद्द झाला आणि स्वारगेटपर्यंतची मेट्रो २९ तारखेला दूरदृश्य प्रणालीवरून सुरू झाली. २६ तारखेचं आणखी एक उद्घाटन मात्र त्याच दिवशी, त्याच पद्धतीनं पार पडलं. ते होतं हवामानाचं गणित करणाऱ्या महासंगणकांचं. त्यांपैकी ‘अर्क’ पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये बसवलेला आहे.

‘अर्क’ची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स. त्याच संस्थेत २०१८ साली आलेला ‘प्रत्युष’ ४ पेटाफ्लॉप्सचा होता. वाढलेली ताकद कुठे खर्ची पडते, ते स्वारगेटवरून सहज समजतं. मे २०२५ मध्ये ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ कार्यान्वित झाली आणि अंदाजाच्या जाळीतला चौकोन १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आला. सहा किलोमीटर म्हणजे साधारण स्वारगेट ते कात्रज. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री याच पट्ट्यात आंबील ओढा फुटून वाहिला आणि त्या पुरात शहर व परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. कुठल्या ओढ्याच्या खोऱ्यात किती पाऊस पडेल, हे सांगायचं तर चौकोन लहान करण्यावाचून गत्यंतर नाही. चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात, वेळेचे टप्पेही साधारण निम्मे करावे लागतात आणि आकडेमोड सुमारे आठपट होते.

या आकडेमोडीसाठी खर्च होणारी जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. सर्व्हरमधला एक प्रोसेसर आज सहज २०० वॅटच्या पुढे जातो. एवढी उष्णता सिलिकॉनच्या काही चौरस सेंटिमीटर क्षेत्रातून सतत काढून न्यावी लागते. पंख्याची हवा हे काम करते, पण एका मर्यादेपर्यंतच. सारख्याच आकारमानाचं पाणी आणि हवा घेतली, तर एका अंशानं तापताना पाणी हवेच्या सुमारे ३,५०० पट उष्णता सामावून घेतं. मिनिटाला एक लिटर पाणी २०० वॅटच्या प्रोसेसरवरून नेलं, तर ते जेमतेम तीन अंशांनी तापतं.

‘अर्क’ हा एव्हिडेन कंपनीच्या बुलसेक्वाना एक्सएच२००० या जातीचा महासंगणक. त्यात प्रोसेसरवर पाण्याच्या पट्ट्या थेट बसवलेल्या असतात आणि त्यांत जाणारं पाणी ४० अंश सेल्सिअसपर्यंत कोमट असलं तरी चालतं. प्रोसेसर स्वतः ७०-८० अंशांपर्यंत तापू शकत असल्यानं ४० अंशांचं पाणी त्याच्या दृष्टीनं थंडच. जर्मनीत म्युनिकजवळच्या ‘सुपरएमयूसी’नं २०१२ मध्ये असं कोमट पाणी मोठ्या प्रमाणावर वापरून दाखवलं. कोमट पाणी चालतं म्हणजे विजेवर चालणारे, पाणी थंडगार करणारे चिलर बराच काळ बंद ठेवता येतात. पुण्याचा उन्हाळा कोरडा असल्यानं इथे तापलेलं पाणी निववणाऱ्या कुलिंग टॉवरमधलं बाष्पीभवनही जोमानं होतं.

हे सगळं ज्याच्या जोरावर चालतं, तो भाग मात्र तळहातावर मावतो. त्याला वॉटर ब्लॉक म्हणतात. तांब्याची एक पाटी, तिच्या वरच्या अंगाला कोरलेल्या बारीक खाचा, वर झाकण, पाणी आत जाण्याचं एक तोंड आणि बाहेर पडण्याचं दुसरं. महासंगणकातली पट्टी आणि घरच्या संगणकासाठी हौशी माणसानं बनवलेला ब्लॉक यांचं भौतिकशास्त्र एकच आहे.

खाचा अरुंद का? पाण्याची स्वतःची उष्णतावाहकता फार कमी. तांब्याची सुमारे ४००, तर पाण्याची अवघी ०.६ वॅट प्रति मीटर-केल्विन. खाच रुंद असली तर मधलं पाणी भिंतीला न शिवताच निघून जातं. शांत, थरांनी वाहणाऱ्या प्रवाहात खाचेची रुंदी निम्मी केली की भिंतीकडून पाण्याकडे उष्णता जाण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, शिवाय भिंतींची संख्याही वाढते. १९८१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात डेव्हिड टकरमन आणि फॅबियन पीस यांनी सिलिकॉनमध्येच सुमारे ५० मायक्रॉन रुंदीच्या खाचा कोरून दर चौरस सेंटिमीटरमागे ७९० वॅट उष्णता पाण्यानं वाहून नेली होती. आजचे सूक्ष्म खाचांचे ब्लॉक त्या प्रयोगाच्या वाटेनंच आले आहेत.

किंमत मोजावी लागते ती दाबाच्या रूपात. एकूण वाट तेवढीच ठेवून खाचा निम्म्या रुंदीच्या केल्या, तर तेवढंच पाणी ढकलायला चौपट दाब लागतो. छोट्या पंपाला तो पेलला नाही की प्रवाह मंदावतो आणि कमावलेलं हातचं जातं. यावरचा तोडगा सुरेख आहे. पाणी एका टोकाकडून न सोडता खाचांच्या बरोबर मधोमध एका अरुंद फटीतून सोडायचं. ते दोन्हीकडे विभागतं. प्रत्येक वाटेची लांबी निम्मी, वेगही निम्मा, त्यामुळे खाचांमधला दाबाचा खर्च चौथ्या हिश्श्यावर येतो. आणि सर्वांत ताजं पाणी पहिल्यांदा आदळतं ते मध्यभागी.

पण प्रोसेसरचा मध्य म्हणजे उष्णतेचा मध्य नव्हे. एएमडीच्या अलीकडच्या अनेक प्रोसेसरमध्ये आकडेमोड करणारे सिलिकॉनचे तुकडे धातूच्या झाकणाखाली एका बाजूला सरकलेले असतात. तयार ब्लॉक सगळ्यांना चालावा म्हणून मधोमध आखलेला असतो. स्वतःसाठी ब्लॉक घडवण्यात खरा फायदा इथे आहे: खाचांचा पट्टा आणि पाण्याची फट तापणाऱ्या तुकड्यांच्या नेमकी वर आणता येते. पारदर्शक झाकण आणि रंगीत दिव्यांवर होणारा खर्च या कामाकडे वळवावा.

भोसरी, चिंचवड, चाकणच्या पट्ट्यात सीएनसी मिलिंगची कामं घेणारे छोटे कारखाने पुष्कळ आहेत. घडवण्याचं कौशल्य पुण्याला परकं नाही. तांबं मात्र हट्टी. शुद्ध तांबं मऊ असल्यानं कटरला चिकटतं, त्यामुळे धार तीक्ष्ण आणि कूलंट भरपूर लागतं. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या खाचा पातळ चकतीसारख्या स्लिटिंग कटरनं एकेक करून पाडता येतात. त्याहून बारीक काम मोठ्या उत्पादनात पात्यानं तांब्याचा पापुद्रा सोलून उभा करून साधतात.

ॲल्युमिनियम स्वस्त आणि कापायला सोपं, म्हणून मोह होतो. पण ब्लॉक तांब्याचा आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचा असला, तर दोन्ही धातू एकाच पाण्यात बॅटरीसारखे वागतात आणि ॲल्युमिनियम झिजत जातं. तांबं, पितळ, निकेलचा मुलामा एवढ्यातच राहावं. पाण्यात अडकलेली हवा हाही शत्रू. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात आणलेल्या पाण्याच्या नळावर हवा निघून जाण्यासाठी उच्छ्वास बांधले होते आणि गाळ बसण्याची सोयही केली होती. संगणकातल्या पाण्याच्या वर्तुळालाही हेच हवं असतं: उंचावर टाकी, तिथे सुटणारे बुडबुडे, आणि कचरा अरुंद खाचांत जाण्याआधी अडवणारी जाळी.

चाचणीचा क्रम ठरलेला. ओ-रिंग बसवून आधी हवेच्या दाबावर गळती तपासायची, मग संगणक बंद ठेवून फक्त पंप फिरवायचा. त्यानंतर प्रोसेसरवर पूर्ण भार टाकून त्याच्या आणि आत येणाऱ्या पाण्याच्या तापमानातला फरक वॅटनं भागायचा. २०० वॅटला २० अंश फरक म्हणजे ०.१ अंश प्रति वॅट. आकडा मनासारखा आला नाही, तर खाचांना दोष देण्याआधी थर्मल पेस्ट पाहावी. तिची उष्णतावाहकता ५ धरली, तरी चार चौरस सेंटिमीटरवर ०.१ मिलिमीटरचा थर २०० वॅटला एकटाच दहा अंश खातो. ब्लॉकचा तळ सपाट घासून, स्क्रू सारखे आवळून हा थर पातळ केला, तर खाचांना हात न लावता त्यातले निम्मे अंश परत मिळू शकतात.