शिक्का आपल्या हाती

गेल्या वर्षी आमच्या एका मित्राचे अकस्मात निधन झाले. दिवसकार्य आटोपल्यावर वहिनींनी आम्हांस बोलावून घेतले आणि दोन वस्तू पुढे ठेवल्या. एक मित्राचा संगणक. दुसरे, काड्यापेटीहूनही लहान असे एक काळे यंत्र. संगणकावरील एका ॲपमध्ये बिटकॉइनची शिल्लक आणि तिची रुपयांतील किंमत स्पष्ट दिसत होती; ती किंमत तासातासाला बदलतही होती. लेकीचे उरलेले शिक्षण सहज पार पडेल एवढी ती रक्कम होती. परंतु यंत्राचा गुप्त आकडा घरात कोणालाच ठाऊक नव्हता. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, बँकेत मृत्यूचा दाखला नेला की खाते मोकळे होते. इथे दाखला द्यायचा तो कोणाला?"

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. पैसा डोळ्यांना दिसतो आणि हाताला लागत नाही, हे कोडे मात्र समजून घेण्यासारखे आहे. कारण चोरापासून राखण करणारी जी व्यवस्था, तीच येथे वारसाच्या आड आली होती. आभासी चलन घ्यावे की घेऊ नये, या वादात आम्ही आज पडत नाही. ज्यांनी ते घेतले आहे त्यांनी ते राखावे कसे, एवढाच प्रश्न आम्ही येथे घेतला आहे.

प्रथम नावाचा घोटाळा दूर केला पाहिजे. या यंत्राला 'हार्डवेअर वॉलेट' म्हणतात. वॉलेट म्हणजे पैशाचे पाकीट. प्राग येथील सातोशीलॅब्स या कंपनीने २०१४ साली या जातीचे पहिले यंत्र विक्रीस आणले, त्याचे नाव 'ट्रेझर'. चेक भाषेत त्याचा अर्थ तिजोरी. दोन्ही नावे दिशाभूल करणारी आहेत. या पाकिटात दमडी नसते आणि या तिजोरीत नाणे नसते. बिटकॉइन ही मुळी नोंद आहे, वस्तू नव्हे. ३ जानेवारी २००९ रोजी सुरू झालेली एक जाहीर खातेवही आहे; तिच्या प्रती जगभर हजारो संगणकांवर आहेत, आणि अमुक पत्त्याच्या नावे इतके बिटकॉइन, एवढेच तिच्यात लिहिलेले असते. ते दुसऱ्या पत्त्यावर न्यायचे तर सही केलेला हुकूम लागतो. ही सही एका गुप्त संख्येच्या आधारे गणिताने होते. या संख्येला 'खाजगी किल्ली' म्हणतात. ती इतकी मोठी असते की आपल्या आकड्यांत लिहिली तर तिला सुमारे ७८ अंक लागतात. ती अंदाजाने शोधून काढणे कोणालाही शक्य नाही. परंतु ज्याच्या हाती ती पडेल त्याची सही वही मान्य करते. त्याचे नाव विचारत नाही, आणि एकदा पक्की झालेली नोंद कोणी अधिकारी मागे फिरवू शकत नाही.

आपल्याकडील जुन्या दफ्तरांचा ज्यांना परिचय आहे त्यांना ही रीत परकी वाटू नये. पत्र कारकुनाने लिहावे, धन्याने वाचावे, मग त्यावर शिक्का आणि मोर्तब व्हावे. शिक्का ज्याच्या ताब्यात, त्याचा हुकूम चालतो. खाजगी किल्ली म्हणजे हा शिक्का होय. हार्डवेअर वॉलेट ही शिक्क्याची पेटी, आणि सोबतचे ॲप हा कारकून. ही तीन नाती ध्यानात धरली म्हणजे पुढील सारे विवेचन सोपे होते.

शिक्का स्वतःजवळ न ठेवता पुष्कळ लोक तो खरेदीविक्रीच्या बाजाराकडेच राहू देतात. ते सोयीचे खरे; पण मग आपल्या हाती राहते ते त्या बाजाराचे वचन. टोकियोतील माउंट गॉक्स हा एके काळी जगातील सर्वांत मोठा बिटकॉइन बाजार. २०१४ च्या फेब्रुवारीत तो बुडाला, तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन नाहीसे झाल्याचे जाहीर झाले. त्यांपैकी दोन लाख पुढे सापडले. दुसरा मार्ग म्हणजे शिक्का आपल्याच संगणकावर वा मोबाइलवर ठेवणे. पण ज्या यंत्रावर आपण दिवसभर पत्रे उघडतो, नाना ॲप घेतो, त्यात चोर शिरण्याच्या वाटाही तितक्याच असतात.

हार्डवेअर वॉलेटची युक्ती या अडचणीतून निघाली. किल्ली यंत्राच्या आतच जन्मते आणि आतच राहते. ॲप जाहीर वहीतून शिल्लक वाचते, पैसे पाठवण्याचा मसुदा तयार करते आणि तो यंत्राकडे धाडते. यंत्र आपल्या छोट्या पडद्यावर पत्ता, रक्कम आणि शुल्क दाखवते. मालकाने होकार दिला की सही आतल्या आत होते आणि केवळ सही बाहेर येते. किल्ली येत नाही. ॲप ती सही वहीकडे पोचवते. कारकुनाला सारा हिशेब ठाऊक असतो, म्हणून यंत्र जोडलेले नसतानाही तो शिल्लक दाखवू शकतो. पण शिक्का त्याच्याजवळ नसतो. वहिनींच्या कोड्याचे अर्धे उत्तर येथे आहे: त्यांच्यापुढे कारकून बसला होता आणि शिक्क्याची पेटी बंद होती.

मग यंत्र घेतले की निश्चिंत व्हावे काय? नाही, आणि येथेच बहुतेकांची चूक होते. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील वधाबद्दलची 'ध चा मा' ही आख्यायिका मराठी मुलाला शाळेतच कळते. शिक्का खरा, हुकूमही खरा. मध्येच एक अक्षर फिरले आणि 'धरावे'चे 'मारावे' झाले. आजचा चोर हेच करतो. आपण ज्याला पैसे धाडणार त्याचा लांबलचक पत्ता आपण नकलून ॲपमध्ये डकवतो. संगणकात शिरलेला उपद्रवी प्रोग्रॅम त्याच क्षणी त्या जागी चोराचा पत्ता बसवतो. मोठ्या पडद्यावरचे अक्षर असे बदलता येते. यंत्राच्या छोट्या पडद्यावरचे तेथून बदलता येत नाही. म्हणून पैसे पाठवताना यंत्रावर उमटलेला पत्ता पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मूळ पत्त्याशी ताडून पाहावा. पैसे घेतानाही आपला पत्ता ॲपवर वाचून देऊ नये; यंत्रावर तोच दिसतो ना, हे पाहून मगच द्यावा.

न वाचता शिक्का उठवण्याची किंमत केवढी असते याचे उदाहरण २०२५ च्या फेब्रुवारीत जगाने पाहिले. बायबिट या बाजाराचे सुमारे दीड अब्ज डॉलर चोरीस गेले. सह्या करणाऱ्यांच्या किल्ल्या कोणी पळवल्या नव्हत्या. त्यांच्या संगणकावर नेहमीचाच व्यवहार दिसत होता. सही मात्र निराळ्याच हुकुमावर झाली. त्याआधी जुलै २०२४ मध्ये मुंबईच्या वझीरएक्स या बाजारातून सुमारे साडेतेवीस कोटी डॉलर, म्हणजे जवळजवळ दोन हजार कोटी रुपयांची मालमत्ता गेली. पडद्यावर दिसणारा मजकूर आणि प्रत्यक्ष व्यवहार यांत तफावत होती, असे त्या कंपनीने तेव्हा सांगितले. या घटनांतून घ्यायचा बोध एकच. यंत्राच्या पडद्यावर व्यवहाराचा अर्थ कळत नसेल, नुसती अगम्य अक्षरे दिसत असतील, तर सही करू नये. घाई कितीही असो.

आता यंत्र घरी आल्यावर काय करावे ते क्रमाने सांगतो. यंत्र शक्यतो बनवणाऱ्या कंपनीकडूनच घ्यावे. वापरलेले तर कधीच घेऊ नये. ॲप कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरून उतरवावे. नुसत्या नावावर विश्वास टाकू नये. २०२३ च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत ॲप-दुकानातच लेजर कंपनीच्या ॲपची नक्कल शिरली होती आणि तिने अनेकांना लुबाडले. यंत्र प्रथम चालू केल्यावर ते स्वतःच्या पडद्यावर बारा, वीस किंवा चोवीस इंग्रजी शब्द एकामागून एक दाखवते. ते आधीच छापून डब्यात आले असतील तर तो सापळा समजावा आणि यंत्र वापरू नये.

हे शब्द म्हणजे काय? किल्लीचा लांब आकडा माणसाला उतरवून घेणे कठीण. म्हणून २०१३ साली बारा वा चोवीस शब्दांची एक पद्धत ठरली. २०४८ साध्या शब्दांची एक यादी, आणि त्यातून यंत्राने निवडलेले शब्द ठरावीक क्रमाने. यंत्र हरवले, मोडले, जळाले, तरी त्याच पद्धतीच्या दुसऱ्या यंत्रात हे शब्द घातले की सारे परत मिळते. उलट, यंत्र कपाटात सुरक्षित असूनही शब्द दुसऱ्याच्या हाती गेले तर सारे गेले. म्हणजे खरा मौल्यवान ऐवज यंत्र नसून हा कागद आहे. तो पेनाने लिहावा. त्याचा फोटो काढू नये, तो मोबाइलवर टिपू नये, मेलने कोणाला धाडू नये. शब्द फक्त यंत्रातच भरावेत. कोणत्याही ॲपने, फोनवरील 'ग्राहक सेवकाने' वा टपालाने आलेल्या पत्राने ते मागितले, तर मागणारा चोर आहे असे निःशंक समजावे. २०२० मध्ये लेजरच्या ग्राहकांची नावे व पत्ते फुटले आणि पुढच्या वर्षी त्यांतील काहींच्या घरी टपालाने हुबेहूब दिसणारी खोटी यंत्रे येऊन पडली, हे विसरू नये.

कागद लिहिला म्हणजे काम संपले असेही नाही. मोठी रक्कम भरण्यापूर्वी एकदा रंगीत तालीम करावी: यंत्र पुसून टाकावे आणि केवळ कागदावरून पुन्हा उभे करावे. आम्ही ही तालीम केली तेव्हा यंत्राने आमचे चोवीस शब्द नाकारले. तासभर डोके खाजवल्यावर ध्यानात आले की आमच्याच अक्षरात 'फन'चा 'फॅन' झाला होता. दोन्ही शब्द यादीत आहेत. शेवटच्या शब्दात ताळ्याची सोय असते, म्हणून चूक पकडली गेली. यंत्रात त्या वेळी काही नव्हते, म्हणून आम्ही हसलो. सारी पुंजी तेथे असती तर हसू आले नसते.

गुप्त आकडा हा तिसरा अडसर. ट्रेझरमध्ये प्रत्येक चुकीनंतर थांबण्याचा काळ वाढत जातो आणि ठरावीक चुकांनंतर यंत्र आपली स्मृती पुसून टाकते. तरी यंत्र अभेद्य मानू नये. २०२० च्या जानेवारीत क्रॅकेनच्या तज्ज्ञांनी, यंत्र हाती आल्यास ट्रेझरच्या त्या वेळच्या प्रकारांतून शब्द काढता येतात, हे दाखवले होते. म्हणून यंत्र चोरीस गेले तर कागदावरून तत्काळ नवे यंत्र उभे करावे आणि शिल्लक नव्या शब्दांच्या पत्त्यावर हलवावी.

आता वहिनींच्या प्रश्नाकडे परत येऊ. बँकेत आपण ठेव ठेवतो तेव्हा केवळ पैसा नव्हे, तर वारसनोंद, सहीची पडताळणी, तक्रारीची खिडकी, हे सारे आपल्याला मिळत असते. त्याची आपल्याला जाणीवही नसते. शिक्का स्वतःच्या हाती घेणारा ही सगळी खाती स्वतःकडे घेतो. कोषाध्यक्षही तोच, पहारेकरीही तोच. आणि आपल्या पश्चात काय, याची तजवीज करणाराही तोच असला पाहिजे. म्हणून कागदाच्या दोन प्रती दोन सुरक्षित जागी असाव्यात. एक घरी, एक बँकेच्या लॉकरात. मृत्युपत्रात शब्द लिहू नयेत, पण अशी मालमत्ता आहे आणि कागद कोठे आहे, हे किमान एका विश्वासू माणसाला ठाऊक असावे. वर्षातून एक संध्याकाळ त्याला शेजारी बसवून यंत्र, ॲप आणि कागद यांचे नाते समजावून सांगावे.

मित्राच्या घरी आम्ही पुस्तके चाळली, देवघराचे खण पाहिले, जुन्या डायऱ्या पानोपान उलगडल्या. कागद सापडला नाही. तो अजूनही एखाद्या पुस्तकात असेल, या आशेवर वहिनींनी घरातली रद्दी विकणे बंद केले आहे. ज्यांच्या घरी असे यंत्र आहे त्यांनी आज घरी गेल्यावर जेवणाला बसण्यापूर्वी ही एक गोष्ट सांगून टाकावी, एवढीच आमची विनंती आहे.